एकोणीस डॉलरची दुर्बीण

#थ्रेड

१/
साल १९३०. अमेरिकेवर महामंदीची छाया पसरू लागली होती. अशा दिवसांत केंटकी राज्यातील न्यूपोर्ट गावी विल्यम राल्फ वीव्हर या पंचविशीतल्या तरुणाने बंदुकीवर बसवायची दुर्बीण विक्रीस आणली. किंमत, बैठकीसह १९ डॉलर. या १९ डॉलरनी सामान्य शिकाऱ्याच्या हाती काय दिले आणि त्या स्वस्ताईचा हिशेब पुढे कुणाला चुकता करावा लागला, त्याची ही कथा.

२/
आधी मुळातली अडचण पाहू. साध्या बंदुकीने नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: जवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे सावज. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, म्हणून उरलेल्या दोन गोष्टी पुसट दिसतात. सांजवेळी माशी दिसेनाशी होते. नेम चुकला तर जनावर जखमी होऊन रानात शिरते आणि तडफडत मरते. दुर्बिणीचा प्रश्न मुळात या चुकलेल्या नेमाचा आहे.

३/
यावरचा उपाय सापडला तो आकाश पाहणाऱ्या माणसाला. १६४० च्या सुमारास इंग्रज खगोलनिरीक्षक विल्यम गॅस्कॉइन यांच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ओढला. तो धागा आणि दूरचे दृश्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, हे त्यांच्या ध्यानी आले. दुर्बिणीतील फुलीचे मूळ हे. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारले गेले. कोळ्याचे धागे मात्र पुढे शतकानुशतके मोजणीच्या यंत्रांत वापरले गेले.

४/
कल्पना बंदुकीवर रुळायला दोनशे वर्षे लागली. जॉन चॅपमन यांच्या १८४८ च्या रायफलविषयक पुस्तकात दुर्बिणीच्या नेमाचे सविस्तर वर्णन आहे. अमेरिकन यादवी युद्धात काही नेमबाजांकडे नळीइतक्या लांबीच्या दुर्बिणी होत्या. परंतु अशी बंदूक इतकी जड असे की ती कशावर तरी टेकवूनच झाडावी लागे. रानात चालणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नव्हता.

५/
याच युद्धाशी मुंबई इलाख्याचाही एक धागा जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी केलेले स्कॉटिश अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी बंदुकीच्या वर नव्हे, तर बाजूला बसणारी आखूड दुर्बीण तयार केली. ती व्हिटवर्थ रायफलीवर बसवली जाई. दक्षिणेच्या फौजेतील काही मोजक्या नेमबाजांच्या हाती ती पोहोचली. मोजक्याच, कारण ती महाग होती.

६/
युरोपात १९०० साली व्हिएन्नाच्या काहलेस कंपनीने 'टेलोरार' ही शिकारी दुर्बीण आणली. जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांची भिंगे उत्तम होती. पण प्रत्येक बैठक बंदूक-कारागीर हाताने घासून बसवत असे. दुर्बीण आणि तिच्या बसवणुकीची मजुरी मिळून खर्च कित्येकदा बंदुकीच्याच किमतीला जाऊन भिडे. वस्तू खात्रीची होती, पण ती सरदार-जमीनदारांसाठी होती.

७/
अमेरिकेत विंचेस्टरची 'ए-५' होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन मरीन नेमबाजांनीही ती वापरली. तिचा नेम जुळवण्याचे स्क्रू मागच्या बैठकीत, म्हणजे नळीबाहेर होते. फुली हलवायची तर सबंध दुर्बीणच हलत असे. लक्ष्यभेदाच्या मैदानावर हे चाले. घोड्याच्या खोगिरात, काट्याकुट्यांत, पावसात ते उघडे स्क्रू हेच तिचे दुखणे ठरे.

८/
वीव्हरची 'मॉडेल ३-३०' येथे वेगळी ठरली. पाऊण इंच व्यासाची पोलादी नळी, नेम जुळवण्याची यंत्रणा नळीच्या आत आणि घडणीला सोपी अशी साधी बैठक. वस्तू जेमतेम तिप्पट मोठी दिसे. भिंगे जर्मन तोडीची नव्हती. पण शेतकरी, गुराखी, गिरणीकामगार यांनी पैसे साठवून घ्यावी, इतकी ती आवाक्यात होती.

९/
कमी शक्ती ही उणीव वाटेल. शिकारीत ती सोयीची ठरली. शक्ती जितकी कमी, तितके दृश्य रुंद आणि हलते जनावर तितक्या लवकर सापडते. दुसरे गणित प्रकाशाचे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले शक्ती, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. ३२ मिलिमीटरचे भिंग चौपट शक्तीला ८ मिलिमीटरचा झोत देते. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. तेच भिंग आठपट शक्तीला ४ मिलिमीटरच देते आणि संध्याकाळी चित्र काळवंडते.

१०/
१९३३ मध्ये वीव्हरने कारखाना टेक्सासमधील एल पासो येथे हलवला. धंदा वाढला. दुर्बीण ही चैनीची वस्तू न राहता सर्वसामान्य शिकाऱ्याचे अवजार होऊ लागली. इतक्यात दुसरे महायुद्ध आले.

११/
अमेरिकन सैन्याला तातडीने नेमबाजांची रायफल हवी होती, आणि तिच्यासाठी वेगळी लष्करी दुर्बीण घडवायला उसंत नव्हती. बाजारातील लायमन कंपनीची 'अलास्कन' पसंत होती, पण तिच्या भिंगांचा पुरवठा अपुरा पडला. मग वीव्हरची '३३०-सी' घेतली गेली आणि तिला 'एम-७३-बी-१' असे लष्करी नाव मिळाले. ती ज्या 'एम-१९०३-ए-४' रायफलीवर बसवली, तिला पुढची माशीच बसवलेली नव्हती. सगळी भिस्त दुर्बिणीवर.

१२/
आणि दुर्बीण दमटपणात दगा देऊ लागली. कारण साधे आहे. नळीत कोंडलेल्या हवेत बाष्प असते आणि सांध्यांतून आणखी शिरते. गारठा पडला की ते भिंगाच्या आतल्या अंगाला दव होऊन बसते. बाहेरचे दव पुसता येते, आतले कसे पुसणार? हौशी शिकाऱ्याची त्यात एक सकाळ वाया जात असे. सैनिकाच्या समोर मात्र शत्रू होता आणि हाताशी दुसरा नेम नव्हता. शिकारीसाठी केलेल्या काटकसरीचा हिशेब युद्धभूमीवर असा चुकता झाला.

१३/
या दुखण्यावर औषध शोधले ते मोजणीची उपकरणे बनवणाऱ्यांनी. ऑरेगन राज्यातील पोर्टलंडची ल्यूपोल्ड कंपनी भूमापनाची यंत्रे आणि नदीच्या पाण्याची पातळी नोंदवणारी उपकरणे करीत असे. पावसापाण्यात राहणारी वस्तू घडवणे हाच त्यांचा धंदा. कंपनीत आजही सांगितली जाणारी हकीकत अशी की, मार्कस ल्यूपोल्ड यांची दुर्बीण ऐन वेळी धुरकटली, हरिण निसटले आणि आपण याहून बरी वस्तू करू असे त्यांनी वैतागून बोलून दाखवले. १९४७ मध्ये 'प्लेन्समन' आली: सांधे बंद, आत कोरडा नायट्रोजन वायू. बाष्पच नाही, मग दव कोठून?

१४/
भिंगांचा प्रश्नही याच काळात सुटत आला. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. पाच भिंगांची दहा पृष्ठे धरली, तर एकतृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन घटवले. प्रथम लष्करी गुपित असलेला हा लेप युद्धानंतर शिकाऱ्याच्या दुर्बिणीपर्यंत आला.

१५/
१९४७ मध्येच वीव्हरने एक इंची नळीची 'के' मालिका आणली. चौपट शक्तीची 'के-४' ही कित्येकांची आयुष्यभराची सोबतीण झाली. १९६२ मध्ये ल्यूपोल्डने 'ड्युप्लेक्स' फुली दिली: कडांना जाड, मध्यात बारीक. सांजवेळी जाड रेघा डोळ्याला मध्याकडे नेतात. वीव्हरच्या आडव्या खाचांच्या बैठकीचे पुढचे रूप म्हणजे १९९५ मध्ये अमेरिकन सैन्याने प्रमाण ठरवलेली 'पिकाटिनी' पट्टी. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला. त्याने घालून दिलेली रीत राहिली.

१६/
या शंभर वर्षांतून खरेदीदाराने काय घ्यावे? आकड्यांची भुरळ सर्वांत स्वस्त असते. 'जास्त पट मोठे' हे कोणताही विक्रेता सांगू शकतो. विचारायचे प्रश्न वेगळे. धक्के खाऊनही नेम जागच्या जागी राहतो का? स्क्रू चार खुणा फिरवून परत आणला, तर फुली नेमकी मूळ जागी येते का? गारठ्यातून उबेत आणल्यावर आत दव धरते का? बैठक दुर्बिणीइतकीच भक्कम आहे का? पैसे थोडे असतील, तर बदलत्या शक्तीच्या हलक्या दुर्बिणीपेक्षा एकाच शक्तीची साधी, पक्की दुर्बीण बरी. तिच्यात हलणारे भाग कमी असतात, म्हणून बिघडायलाही कमी असते.

१७/
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची दुर्बीण हा इतिहासाचाच विषय उरला, आणि ते उचितच झाले. पण गडावर किंवा पक्षी पाहायला नेण्यासाठी जी दुर्बीण आपण घेतो, तिच्यातला कोरडा नायट्रोजन आणि भिंगांवरचा लेप याच वाटेने आले आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी दुर्बीण घ्याल, तेव्हा दुकानदाराला शक्ती विचारण्याआधी एवढे विचारा: आत दव धरते का?

#इतिहास #मराठी