पोळा

शेतात राबणाऱ्या बैलांच्या पूजेचा आणि विश्रांतीचा सण. महाराष्ट्रात तो मुख्यतः श्रावण अमावास्येला पाळतात. बैलपोळा असेही त्यास म्हणतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात तो वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक आहे. छत्तीसगडात तो पोरा या नावाने, तर मध्य प्रदेशाच्या महाराष्ट्रालगतच्या जिल्ह्यांत पोळा याच नावाने होतो.

नाव व तिथी : देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू म्हणजे पोळ, त्यावरून सणाचे नाव पडले असे मानतात. तिथी चांद्र असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. 2023 साली श्रावण अधिक आल्याने पोळा 14 सप्टेंबरला, तर 2025 साली 22 ऑगस्टला होता. या सुमारास खरिपाची कोळपणी, डवरणी उरकत आलेली असते. पीक वाढल्यामुळे ओळींतून बैल घालता येत नाहीत आणि रब्बीची मशागत अजून पुढे असते. बैलाला खरी सवड मिळते ती याच दिवसांत. सगळीकडे मात्र हीच तिथी नाही. पुणे, अहिल्यानगर भागातील काही गावे भाद्रपद अमावास्येला भादवी पोळा करतात. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात हाच सण बेंदूर म्हणून आधी येतो : कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात.

खांदेमळणी : पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद व तूप किंवा लोणी लावून चोळतात. मग बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पाहुण्याला द्यावे तसे हे आमंत्रण तोंडी, बैलासमोर उभे राहून दिले जाते.

साजशृंगार : पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सकाळी नदीवर किंवा ओढ्यावर बैल धुतात. शिंगे साळून त्यांना रंग व बेगड लावतात, टोकांना शेंब्या बसवतात. अंगावर गेरूचे ठिपके किंवा ठसे उमटवतात. नवी वेसण, नवा कासरा, म्होरकी, गळ्यात घुंगुरमाळा व कवड्यांच्या माळा, कपाळावर बाशिंग आणि पाठीवर झूल असा थाट असतो. घरी आल्यावर सुवासिनी पायांवर पाणी घालून ओवाळतात व पुरणपोळी खाऊ घालतात. बैल राखणाऱ्या गड्यालाही नवे कपडे आणि जेवण देण्याची रीत आहे.

पोळा भरणे व फुटणे : दुपारनंतर गावातले बैल वेशीजवळ किंवा आखरावर (गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर), आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभे करतात, याला पोळा भरणे म्हणतात. विदर्भात या वेळी झडत्या होतात. या यमक जुळवलेल्या, चढाओढीने म्हटलेल्या ओळींतून महादेव-पार्वतीपासून कापसाच्या भावापर्यंत आणि पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो. शेवटी मानाची जोडी तोरणाखालून पुढे निघाली की पोळा फुटतो. मानाची जोडी कोणाची, हा प्रश्न गावातल्या प्रतिष्ठेचा असल्याने त्यावरून तंटेही झाले आहेत. पुढे बैल मारुतीच्या देवळाला नेऊन घरोघर ओवाळणीसाठी फिरवतात. ओवाळणीत मिळणाऱ्या पैशांना विदर्भात बोजारा म्हणतात.

तान्हा पोळा व मारबत : दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली असे सांगतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई व अरिष्टे सोबत घेऊन जावे म्हणून या स्त्रीरूप प्रतिमा मिरवत नेऊन जाळतात. त्यांच्याबरोबरचे बडगे हे पुतळे भ्रष्टाचार, महागाई अशा चालू प्रश्नांवर टीका करतात. मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे याच दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेकीची गोटमार होते.

पिठोरी : श्रावण अमावास्येलाच स्त्रिया मुलांच्या आयुष्यासाठी पिठोरीचे व्रत करतात. चौसष्ट योगिनींची पूजा करून आई पक्वान्न डोक्यावर धरते व ‘अतिथी कोण?’ असे विचारते. मूल मागून आपले नाव सांगून ते घेते.

बदलते रूप : ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या घटल्या. काही गावांत ट्रॅक्टर सजवून मिरवणुकीत आणतात. ज्यांच्याकडे बैल नाहीत ती घरे पूर्वीपासून कुंभाराकडची मातीची जोडी पाटावर मांडून पुजतात. शहरांत आज पोळा बहुधा याच रूपात दिसतो. 2023 साली लम्पी त्वचारोगाच्या साथीमुळे अनेक ठिकाणी बैल एकत्र आणण्यास मनाई झाली. तिथे तोरण बांधले गेले नाही. पूजा आणि पुरणपोळी गोठ्यातच झाली.