महाग ट्यूब किती टिकते?

लहानपणी आमच्या घरी ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी रेडिओ होता. त्याचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत बातम्यांसाठी थांबावे लागे. अमेरिकेत आल्यावर त्या व्हॉल्व्हला ट्यूब म्हणायला शिकलो आणि काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या आमच्या तळघरात १९६० च्या सुमाराचा एक ट्यूब अॅम्प्लिफायर आणून बसवला. दुकानदाराने सोनेरी पिनांच्या, 'खास निवडलेल्या' ट्यूब दिल्या. किंमत ऐकून सौ. गप्पच बसली. आठ महिन्यांत एक ट्यूब गेली. मी दुकानदाराशी फोनवर भांडलो. मग जरा इतिहास चाळला.

१९४६ साली फिलाडेल्फियात एनिअॅक हा संगणक उभा राहिला. त्यात सुमारे १८,००० ट्यूब होत्या. एवढ्या ट्यूब एकदम चालणे शक्य नाही, असे अनेक जाणकारांना वाटे. प्रेस्पर एकर्ट यांनी बहुतेक साध्याच ट्यूब घेतल्या, पण त्या त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी भारावर चालवल्या. ट्यूब जास्त करून यंत्र चालू-बंद करताना जातात, हे लक्षात आल्यावर यंत्र शक्यतो चालूच ठेवले जाई. पुढे सरासरी दोन दिवसांना एखादी ट्यूब जाऊ लागली.

१९५६ साली स्कॉटलंड ते न्यूफाउंडलंड अशी टेलिफोनची समुद्री केबल पडली. दोन तारा, प्रत्येकीवर ५१ ध्वनिवर्धक, प्रत्येकात ३ ट्यूब, म्हणजे एकूण ३०६. समुद्रतळाशी ट्यूब बदलायला कोण जाणार? बेल लॅबोरेटरीजने या ट्यूब खरोखरच खास बनवल्या होत्या. पण 'खास' याचा अर्थ होता दीर्घ चाचण्या, कसून निवड आणि कॅथोडला बेताचीच उष्णता. केबल १९७८ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे चालली.

हे वाचून मी मीटर घेऊन तळघरात उतरलो. अॅम्प्लिफायरवर ११७ व्होल्ट छापलेले. भिंतीत निघाले १२३! ट्यूबमधली तार रोज गरजेपेक्षा जास्त तापत होती आणि आतले दाबही चढलेले होते. पिनांवरचे सोने फार तर गंज टाळते. कॅथोडचे आयुष्य ते वाढवत नाही.

व्होल्टेज उतरवणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि गेलेल्या ट्यूबच्या जागी साध्या ट्यूबची जोडी लावली. चार वर्षे झाली, ती चालू आहे. दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "मीटर आधी विकायला हवा होता."

तेव्हा मंडळी, महागड्या ट्यूब घेण्याआधी भिंतीतले व्होल्ट जरूर मोजा.