ठिबकची नळी टोमॅटोच्या सरीपर्यंत

1930 च्या दशकात पॅलेस्टाइनमधले जल-अभियंता सिम्चा ब्लास यांना एका शेतकऱ्याने एक झाड दाखवले. शेजारच्या झाडांपेक्षा ते कितीतरी मोठे होते आणि त्याला कोणी पाणी घालत नव्हते. माती उकरली, तर खाली नळाचा जोड थेंब थेंब गळत होता. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर गेलेली पंचवीस-तीस वर्षे मात्र क्वचितच कोणी सांगतो. बारीक भोकाची नळी गाळाने बुजायची, मोठ्या भोकातून पाणी वाहून जायचे आणि धातूची नळी शेतभर अंथरणे परवडणारे नव्हते. प्लॅस्टिक आल्यावर ब्लास यांनी मुलाच्या मदतीने मार्ग काढला. त्यांनी भोक बारीक करण्याऐवजी पाण्याची वाट लांब आणि वळणावळणाची केली. घासत जाताना पाण्याचा जोर ओसरतो, म्हणून वाट फार अरुंद ठेवावी लागत नाही. 1965 मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झने, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीने, त्यांच्याबरोबर नेटाफिम कंपनी काढली.

महाराष्ट्रात 1986-87 पासून राज्य सरकारने ठिबकला अनुदान सुरू केले, आणि जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकच्या साहित्याचा उद्योग उभा केला. पण नळी आधी गेली ती केळी, द्राक्षे आणि डाळिंबाच्या बागांत. टोमॅटोकडे ती उशिरा वळली. याचे कारण साध्या मापात आहे. एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. द्राक्षाच्या दोन ओळींत तीन मीटर अंतर धरले, तर एकरी साडेतेराशे मीटर नळी पुरते. टोमॅटोचे बेड दीड मीटरवर असतात, म्हणजे नळी थेट दुप्पट. बाग तरी वर्षानुवर्षे उभी राहते. टोमॅटोचा प्लॉट चार-पाच महिन्यांत संपतो. एवढा खर्च एका हंगामावर टाकायला कोण धजावणार?

हे गणित बदलले ते खतामुळे, असे मला वाटते. पाणी वाचणे ही सरकारी कारणमीमांसा झाली. शेतकऱ्याला पटली ती व्हेंचुरी, म्हणजे पाण्याबरोबर खत ओढून नळीत सोडणारे साधन. 19:19:19, फुलोऱ्यात 0:52:34, फळ फुगताना 13:0:45 अशी विद्राव्य खते नळीतूनच मुळाशी जाऊ लागली. बेडवर मल्चिंग पेपर आला, खुरपणीची मजुरी घटली. सरीत पाणी उभे राहिनासे झाले, तसा तोडा आणि फवारणी चिखलाशिवाय होऊ लागली. आणि रात्रीच्या विजेवर, थंडीत, सापा-विंचवांच्या भीतीत दारे धरणे सुटले. हा फायदा कुठल्याच प्रकल्प अहवालात रुपयांत मांडलेला नसतो. माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे.

केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक योजनेने ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जाते. आधार मोठा आहे, पण ही टक्केवारी मापदंडातल्या खर्चावर असते. मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, रोपे, औषधे यांचा बोजा वेगळाच.

नळीने पाणी, खत आणि मजुरी आटोक्यात आणली. भाव तिच्या हातात नव्हता. 2021 च्या ऑगस्टमध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळाले, तेव्हा नाशिक आणि औरंगाबाद भागांत शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्यात ठिबकवर पिकवलेलाही होताच. 2023 च्या जुलैमध्ये शहरांत किलोचा दर शंभरीपार गेला आणि सरकारने टोमॅटो खरेदी करून सवलतीत विकले. तोडणी, क्रेट, गाडीभाडे, हमाली हे खर्च दोन्ही वर्षी करावेच लागले.

म्हणून नव्याने ठिबक घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. नळीचा खर्च एका प्लॉटवर न टाकता तिच्यावर येणाऱ्या सगळ्या पिकांवर वाटा. टोमॅटोनंतर त्याच बेडवर काकडी घ्या, फिल्टर वेळच्या वेळी धुवा, क्षार साचले की नळ्यांना ॲसिड प्रक्रिया करा. आणि कर्ज काढण्यापूर्वी हिशोब 2023 च्या नव्हे, 2021 च्या भावाने मांडा.