पलूसचा ताप, मिरजेचा पुरावा

कृष्णाकाठच्या पलूस तालुक्यात भिलवडी, ब्रह्मनाळसारख्या गावांना २०१९ च्या महापुराने वेढले. पूर ओसरल्यावर अशा गावांना धास्ती असते ती तापाची. तो डेंग्यूचा, चिकुनगुन्याचा की लेप्टोस्पायरोसिसचा, हे पहिल्या दिवसांत नुसत्या लक्षणांवरून ठरवणे अवघड असते. हा भेद सिद्ध करणारी विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले आणि १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. पण त्या काळच्या रक्तचाचण्यांना बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागत. दुसरा नमुना द्यायची वेळ येईपर्यंत रुग्ण बरा होऊन शेतावर गेलेला असे. विद्या होती, पण ती गावापासून लांब होती. हे अंतर तोडणे हेच एलायझा चाचणीचे खरे ऐतिहासिक काम आहे, असे माझे मत आहे.

तिच्या आधीची संवेदनशील पद्धत किरणोत्सारी आयोडीनवर चाले. तिला खास उपकरणे आणि कडक खबरदारी लागे. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एव्हा एंगवाल व पीटर पर्लमान यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन व स्कूर्स यांनी, आयोडीनच्या जागी एन्झाइम जोडले. डेंग्यूच्या चाचणीत ९६ खळग्यांच्या प्लेटवर रुग्णाच्या रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे पकडतात, त्यांवर विषाणूचे प्रथिन सोडतात आणि शेवटी एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड. साखळी जुळली तरच एन्झाइम टिकते आणि रसायनाला रंग आणते. न जुळलेले धुऊन जाते. रंगाची तीव्रता यंत्र मोजते. पुण्याच्या संस्थेने डेंग्यू व चिकुनगुन्यासाठी असे संच तयार केले आणि ते देशभरच्या रुग्णालयांत जाऊ लागले. त्यामुळे पलूसच्या रुग्णाच्या रक्ताचा निवाडा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एकाच नमुन्यावर होणे शक्य झाले.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. ही चाचणी विषाणू दाखवत नाही, शरीराने दिलेले उत्तर दाखवते. आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतरच हाती लागते आणि डेंग्यूच्या जातकुळीतले दुसरे विषाणू फसवूही शकतात. पण पहिल्या पाच दिवसांसाठी विषाणूचे एनएस१ प्रथिन शोधणारी एलायझा आहे, आणि आरटी-पीसीआरही आहे. मर्यादा ठाऊक असलेला पुरावा अंदाजापेक्षा केव्हाही बरा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: डेंग्यूवर नेमके औषधच नाही, मग नाव कळून उपयोग काय? उपयोग असा, की लेप्टोस्पायरोसिसला प्रतिजैविक लागते आणि डेंग्यूत ताप उतरतानाच रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. शिवाय चाचणी एका रुग्णापुरती नसते. एक खात्रीचा निकाल आला की आरोग्यसेवक आणि आशाताई त्या वस्तीतली पाण्याची भांडी तपासतात, कोरडा दिवस पाळायला लावतात.

डेंग्यू नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झटपट पट्टी-चाचणीचा निकाल डेंग्यूचा पक्का पुरावा मानत नाहीत, एलायझाचा मानतात. म्हणजे ज्याचे रक्त एलायझापर्यंत पोहोचत नाही, तो रुग्ण साथीच्या इतिहासातही येत नाही. म्हणून नमुना वेळेत घेणे, तो थंड राखून पाठवणे आणि निकाल गावाला परत कळवणे, ही तालुक्याची जबाबदारी प्रयोगशाळेच्या कामाइतकीच मोलाची आहे.