खानदेशांतील मंडळ्या आणि सीयोनचें भाकीत

दीपनगर म्हटलें कीं विजेचा कारखाना डोळ्यांपुढें येतो. पण त्याच आगगाडीच्या वाटेनें भुसावळ, जळगांव, चाळीसगांव असे पुढें गेल्यास अलायन्स मिशनच्या जुन्या मंडळ्यांचीं गांवें लागतात. धुळें-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशननें काम केलें. नांवांच्या सारखेपणामुळें पुष्कळांची फसगत होते. मिशनें मात्र दोन. एकाचे संस्थापक कॅनडांत जन्मलेले ए. बी. सिम्पसन, दुसऱ्याचे स्वीडनचे फ्रेडरिक फ्रान्सन. एका गोष्टींत मात्र दोघांचें एकमत होतें : प्रभूचें पुनरागमन जवळ आलें आहे.

या मताचें मूळ जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाच्या शिकवणीपर्यंत जातें. त्याच्या मतें इस्राएल आणि ख्रिस्ती मंडळी यांच्यासाठीं देवाच्या योजना वेगवेगळ्या आहेत. अब्राहामास दिलेलें भूमीचें वचन अक्षरशः पुरें व्हावयाचें आहे, आणि यहूदी स्वदेशीं परतणें ही अंतकाळाची खूण आहे. मग खूण दिसावी म्हणून खटपट कां करूं नये? शिकागोचे विल्यम ब्लॅकस्टोन यांनीं १८९१ सालीं चारशेंवर प्रतिष्ठितांच्या सह्यांचा अर्ज अमेरिकेच्या अध्यक्षांपुढें ठेवला. रशियांत छळ सोसणाऱ्या यहूद्यांना पॅलेस्टाईन परत मिळावें, ही त्यांतील मागणी. यहूद्यांची पहिली सीयोनवादी परिषद बाझल येथें भरली ती १८९७ सालीं, म्हणजे या ख्रिस्ती अर्जानंतर सहा वर्षांनीं! पुढें १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा मंडळीपुढें वाचतांना सिम्पसन यांचा कंठ दाटून आला, असें सांगतात.

हें मत मिशनऱ्यांबरोबर आलें, तेव्हां तें शुभवर्तमानाचाच भाग वाटावें हें स्वाभाविक होतें. वस्तुतः तें एकोणिसाव्या शतकांतील एक अर्थविवरण होय. ऑगस्टिनच्या काळापासून बहुसंख्य चर्चनें निराळें मानलें : वचनें ख्रिस्तांत पुरीं झालीं आणि मंडळी हीच नवें इस्राएल. गलतीकरांस लिहितांना पौल अब्राहामाचा खरा वंशज म्हणून ख्रिस्ताकडे बोट दाखवितो. रोमकरांस लिहितांना मात्र देवानें इस्राएलास टाकलें नाहीं, असें तोच बजावितो. दोन्ही पक्ष अर्धा पौल वाचतात, असें मला वाटतें. आणि दुसऱ्या पक्षाचे हातही स्वच्छ नाहींत. 'नवें इस्राएल' म्हणतां म्हणतां जुन्याचा तिरस्कार करण्यास युरोपानें शेंकडों वर्षें धर्माचाच आधार घेतला. तो तिरस्कार रोमन कॅथलिक चर्चनें अधिकृतपणें नाकारला तो १९६५ सालीं.

या वादांत आपल्या मराठी यहूद्यांचें, बेने इस्राएलांचें, उत्तर मोठें मार्मिक आहे. कुलाबा जिल्ह्यांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली'. १८९७ च्या परिषदेचें आमंत्रण त्यांना आलें असतां, आपण देवाच्याच हातानें परत नेले जाण्याची वाट पाहतों, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यांनीं तें नाकारलें. ख्रिस्ती माणूस भाकिताला हातभार लावूं पाहतो आणि यहूदी स्वस्थ बसतो, असा हा उलटा प्रकार! १९४८ नंतर मात्र त्यांतील बहुतेक कुटुंबें क्रमाक्रमानें इस्राएलास गेलीं. तेथें त्यांच्या यहूदीपणाबद्दलच शंका काढून विवाहाच्या बाबतींत अडथळे घालण्यांत आले. १९६४ सालीं मोठें आंदोलन झाल्यावर त्यांस बरोबरीचें स्थान मिळालें. भाकिताच्या नकाशांत अशा माणसांच्या मानापमानाला जागा नसते.

दुसऱ्या बाजूचीं माणसेंही आहेत. १९४८ सालीं जे लाखों अरब घरांदारांस मुकले त्यांत ख्रिस्तीही होते. २००६ सालीं यरुशलेम येथील चार मंडळ्यांच्या धर्माध्यक्षांनीं एकत्र येऊन ख्रिस्ती सीयोनवाद हें खोटें शिक्षण असल्याचें जाहीर केलें. ख्रिस्ती सीयोनवाद्यांनीं त्यावर आक्षेप घेतले. २००९ च्या डिसेंबरांत पॅलेस्टाईनच्या ख्रिस्ती लोकांनीं आणखी एक निवेदन काढलें. भूमीच्या वचनाचा उपयोग आमचे हक्क हिरावण्यासाठीं करूं नका, असा त्याचा आशय. नाताळांत खानदेशचीं मुलें ज्या गांवाचीं गीतें गातात, त्या बेथलेहेमांतच तें प्रसिद्ध झालें, आणि तें लिहिणारांत तेथील एक पाद्रीही होते.