साडेपाच हजार सह्यांचा रविवार

माझं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणी गेली, चिमणी तेवढी राहिली. कॅन्टीनच्या खिडकीतून ती दिसते. गेल्या महिन्यात त्याच खिडकीपाशी मी मॅनेजरना म्हणालो, "सर, या रविवारी मला जमणार नाही." आधीचे दोन रविवार रिलीजमध्ये गेले होते. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "तुमच्या पिढीला सगळं हक्काने हवं असतं. आम्ही तास कधी मोजले नाहीत."

लोकलमध्ये ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. खरंच आपण आयतोबा आहोत का? आणि मुळात हा रविवार आपला झाला कधी? शोधायला लागलो, तर उत्तर त्या चिमण्यांपाशीच सापडलं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की काम सुरू, अंधारलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला, पण तो लहान मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा मिळाली. मोठ्यांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता.

नारायण मेघाजी लोखंडे हे याच काळातले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. ते मागावर काम करणारे कामगार नव्हते. मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. आजच्या भाषेत डेस्क जॉब. पण आपल्या टेबलापलीकडे काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

त्यातल्या मागण्या वाचून मी जरा ओशाळलो. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जबर इजा झाली, तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. बस, एवढंच. काम कमी द्या, असं कुणी म्हणत नव्हतं. साडेसहा ते सूर्यास्त राबायला ते तयारच होते. या कामाला कुठेतरी काठ असावा, इतकीच त्यांची मागणी होती.

तरी सहा वर्षं गेली. विरोध करणाऱ्यांकडे एक भारी मुद्दा होता, तो म्हणजे देश. कामाच्या तासांवर बंधनं हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, त्यांना मुंबईचा धंदा बसवायचाय, असं मालक म्हणत आणि बरीच राष्ट्रवादी वृत्तपत्रंही म्हणत. यात तथ्य होतंच. लँकेशायरला मुंबईची स्पर्धा खुपत होती. पण देशाच्या धंद्याचा हिशोब दर वेळी कामगाराच्या झोपेतूनच का चुकता करायचा, हा प्रश्न बाजूला राहिला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

गोष्ट इथे संपत नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा काठही बुडाला. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. माझ्या लॅपटॉपने माझ्या घराचं जे केलं, ते या दिव्यांनी गिरणीचं केलं.

१९०७-०८ मध्ये सरकारी आयोग बसला. त्याच्यापुढे एक जुनी तक्रार पुन्हा आली, की हिंदी कामगार टंगळमंगळ करतो, मध्येच उठून विडी ओढायला जातो. आयोगातल्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको होतं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळं मत नोंदवून बंधन मागितलं. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली.

त्या विडीपाशी मी थबकलो. कारण मीही टंगळमंगळ करतो. रात्री नऊपर्यंत बसायचंच आहे हे ठाऊक असलं, की दुपारी दोनचं काम मी पाचपर्यंत ताणतो. चॅटवरचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून अधूनमधून माउस हलवतो. माणूस चौदा तास सलग मन लावू शकत नाही. तो तास भरून काढतो. लांबलेल्या दिवसाची ती विडी आहे. पण याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. सहाला लॅपटॉप मिटून आपला बग शेजाऱ्याच्या गळ्यात टाकणारेही आमच्या टीममध्ये आहेत. त्याला मी हक्क म्हणणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, देशासाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. मी गणित मांडलं. १९११ चे बारा तास गुणिले सहा दिवस, म्हणजे ७२. त्यानंतर कायद्याने कारखान्यातला आठवडा १९२२ मध्ये ६० तासांवर आणला, १९३४ मध्ये ५४ वर, १९४६ मध्ये ४८ वर. म्हणजे आपल्याला जे नवं ध्येय म्हणून सांगितलं जातंय, ते १९११ पेक्षा फक्त दोन तासांनी कमी आहे.

"आम्ही तास कधी मोजले नाहीत" हे मॅनेजरचं वाक्य खरं असेलही. त्यांना मोजावे लागले नाहीत, कारण ते आधी कुणीतरी मोजून ठेवले होते. कुणी सही केली असेल, ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने अंगठा उठवला असेल. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत.

परवा शुक्रवारी पुन्हा मेसेज आला : "संडेला दोन तास?" प्रॉडक्शन बंद पडलं असतं, तर मी गेलो असतो. तसं काही नव्हतं. मी लिहिलं, "सोमवारी सकाळी नऊला पहिलं हेच करतो." सोमवारी नऊला केलं, साडेअकराला संपलं. मधल्या वेळात माउस हलवायची गरज पडली नाही.