कर्करोगाचा माग काढणारे नाक

कुत्र्याच्या नाकावर आधी विसंबले ते पोलीस. डॉक्टर बरेच नंतर. कोतवाल आणि कुत्रा ही जोडी काशीत तर देवळातच भेटते. पंचगंगा घाट चढून गल्लीबोळांतून थोडे चालले की काळभैरवाचे मंदिर लागते. भैरव हा काशीचा कोतवाल, कुत्रा त्याचे वाहन. सध्याचे मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बांधवले. दर्शनाला येणारे भाविक आजही तिथल्या कुत्र्यांना खाऊ घालतात. पोलिसांच्या श्वानपथकांचे मूळ मात्र पुराणात शोधू नये. ते बेल्जियममधल्या गेंट शहरात, १८९९ मध्ये उभ्या राहिलेल्या पथकात आहे. मुंबईकरांना श्वानपथक म्हटले की ‘जंजीर’ आठवतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर या लॅब्रेडॉरने तीन टनांहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले.

वैद्यकात कुत्रा शिरला तो योगायोगाने. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या हायवेल विल्यम्स आणि आंद्रेस पेम्ब्रोक या डॉक्टरांचे एक छोटे पत्र १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईच्या मांडीवरचा तीळ तिचा कुत्रा सारखा हुंगत असे, तोही पँटवरून. बाकीच्या तिळांकडे तो ढुंकूनही पाहत नसे. एकदा तिने आखूड पँट घातली असताना त्याने तो तीळ चावून काढायचाच प्रयत्न केला. तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे गेली. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग निघाला.

पुढे नव्वदच्या दशकात फ्लोरिडात आर्मंड कॉग्नेटा या त्वचारोगतज्ज्ञाने निवृत्त पोलीस श्वानप्रशिक्षक ड्वेन पिकेल यांना हाताशी धरले आणि ‘जॉर्ज’ नावाच्या श्नाउझरला मेलॅनोमा हुंगायला शिकवले. पोलिसांची विद्या दवाखान्यात आली ती अशी.

एका कुत्र्याची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. तो मिळवण्याचा पहिला नेटका प्रयत्न इंग्लंडमधल्या ॲमरशॅम येथे झाला आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीचे सात नमुने मांडायचे, त्यांतला एकच मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा. कुत्र्याने त्याच्याजवळ आडवे व्हायचे. सहा कुत्र्यांच्या चोपन्न फेऱ्यांत बावीस उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४१ टक्के. निव्वळ नशिबाने १४ टक्के आली असती. गंमत पुढेच आहे. प्रशिक्षणात निरोगी म्हणून ठेवलेल्या एका नमुन्याजवळ कुत्रे हटकून अडत. त्या माणसाची पुन्हा तपासणी केली, तर त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग सापडला.

कर्करोगाच्या पेशींचे चयापचय बदलते, त्यामुळे शरीरातून बाहेर पडणाऱ्या बाष्पशील सेंद्रिय संयुगांचे मिश्रणही बदलते. श्वासात, घामात, लघवीत ती अत्यल्प प्रमाणात असतात. कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी गंधग्राही पेशी असतात, माणसाच्या नाकात जेमतेम पन्नास-साठ लाख. कुत्रा नेमके कोणते संयुग ओळखतो, हे कोडे मात्र सुटलेले नाही.

त्यानंतरचे आकडे डोळे दिपवणारे होते. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात श्वासाच्या नमुन्यांवरून फुफ्फुसाचा कर्करोग ओळखण्यात ९९ टक्के यश नोंदले गेले. २०१५ मध्ये इटलीत दोन जर्मन शेफर्डनी लघवीवरून प्रोस्टेटचा कर्करोग ९८ टक्के अचूक ओळखला. या आकड्यांवर लगेच भाळू नये. २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रशिक्षणात हुशार ठरलेले कुत्रे नवे नमुने समोर येताच चुकले. रोगाचा वास शिकण्याऐवजी त्यांनी एकेका नमुन्याचा वासच पाठ केला होता. उत्तर कोणते हे खोलीतल्या माणसालाही ठाऊक नसणे का गरजेचे, हेही अशा प्रयोगांतूनच ठसले.

भारतात रोगाचा वास घेण्याचे काम लष्कराने कोविडच्या साथीत हाती घेतले. मेरठच्या श्वानप्रशिक्षण केंद्रातल्या कॅस्पर, जया आणि मणी या कुत्र्यांचे प्रात्यक्षिक फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. जया आणि मणी हे तमिळनाडूच्या चिप्पिपराई जातीचे. बंगळुरूची डॉग्नोसिस ही कंपनी आता मास्कमध्ये घेतलेल्या श्वासावरून कर्करोग हुडकायला कुत्रे शिकवते.

भैरवाच्या काशीत, म्हणजे वाराणसीत, मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राची दोन रुग्णालये आहेत. त्यांतल्या महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि पुष्कळदा उशिरा कळतो. लवकर निदानाची स्वस्त वाट तिथे हवीच आहे. पण कुत्र्याने दाखवलेला संशय पक्का करायला अजूनही बायोप्सीच लागते.